टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी: साखर कारखाने व डिस्टिलऱ्यांतील बंदिस्त जागेच्या कामाचा क्रम

गळीत हंगाम संपून बॉयलर थंड झाले की बेळगाव जिल्ह्यातील अथणी, चिकोडी, रायबाग, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यातील साखर कारखान्यांत आणि त्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांत सफाई-दुरुस्तीची कामे निघतात. मळीच्या टाक्या, फर्मेंटर (मळी आंबवण्याच्या टाक्या), डायजेस्टर (सांडपाणी कुजवण्याच्या बंद टाक्या), सांडपाण्याचे हौद, इव्हॅपोरेटरच्या (रस आटवण्याच्या यंत्राच्या) बॉड्या, बॉयलरचे ड्रम, राखेचे हॉपर अशा एरवी बंद असणाऱ्या जागांत याच दिवसांत माणसे उतरतात. या कामांवर देखरेख करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. वायू मोजण्याचे यंत्र असते, ब्लोअर (हवा फुंकणारा पंखा) असतो, दोरी असते, छापील परमिटही (आत उतरण्याचा परवाना) असते. मात्र ज्या क्रमाने या वस्तू वापरायच्या तो क्रम उलटापालटा झालेला असतो. वायू आधी मोजतात आणि टाकीला जोडलेली पाइपलाइन नंतर तोडतात, माणूस आत गेल्यावर ब्लोअरची वायर शोधतात, आणि आतल्या माणसाला बाहेर कसे काढायचे याचा विचार तो कोसळल्यावर सुरू करतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. शिफ्ट इंजिनिअर, सुरक्षा अधिकारी आणि ठेकेदाराचा मुकादम या तिघांनी हा लेख वाचावाच, पण प्रत्यक्ष आत उतरणाऱ्या कामगारालाही तो वाचून दाखवावा, कारण शेवटी श्वास त्याचाच पणाला लागलेला असतो.

१. जागांची यादी करा आणि उतरणे टाळता येते का ते पाहा

ज्या जागेत माणूस पूर्ण शरीरानिशी जाऊ शकतो, पण जिथून पटकन बाहेर पडता येत नाही, आणि जी जागा सतत बसून काम करण्यासाठी बांधलेली नाही, ती बंदिस्त जागा होय. वरून उघडी आहे म्हणून एखादी जागा या व्याख्येतून सुटत नाही. सांडपाण्याचा उघडा हौद किंवा खोल पंप-पिट हे तर विशेष फसवे असतात, कारण हवेपेक्षा जड वायू तळाशी साचून राहतात आणि वर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यादीतून हमखास सुटणारी जागा म्हणजे रिकामी, कोरडी, बरेच दिवस बंद असलेली लोखंडी टाकी. लोखंडाला गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खर्च होतो. पाण्याची स्वच्छ टाकीसुद्धा झाकण लावून काही महिने बंद राहिली, तर आत श्वास घेण्याजोगी हवा उरलेली नसू शकते. बेळगावजवळच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील फाउंड्रीवाल्यांनी (ओतकाम करणाऱ्यांनी) आपल्या यादीत वाळूचे हॉपर घालावेत. तिथे वायूपेक्षा सरकत्या वाळूखाली गाडले जाण्याची भीती मोठी असते.

यादीतील प्रत्येक जागेला क्रमांक द्या, तो मॅनहोलच्या झाकणावर रंगवा आणि शेजारी ‘परवान्याशिवाय उतरू नये’ ही सूचना कन्नड, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत लिहा. आपल्या भागात एकाच टोळीत खानापूरचा फिटर, अथणीचा हेल्पर आणि बिहारचा वेल्डर असतो. एका भाषेतली पाटी त्यांपैकी कुणाला तरी वाचता येत नाही.

यानंतर प्रत्येक कामासाठी पहिला प्रश्न विचारा: आत उतरण्याची खरोखर गरज आहे का? गाळ सक्शन टँकरने ओढता येतो, भिंती बाहेरून उच्च दाबाच्या पाण्याने धुता येतात, पातळी मोजण्यासाठी कॅमेरा सोडता येतो. असे करता येत असेल, तर माणूस उतरवूच नका.

सावधान: कारखान्याच्या किंवा कॉलनीच्या सेप्टिक टँकमध्ये आणि गटारात धोकादायक पद्धतीने सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. हे काम यंत्रानेच करून घ्यावे.

२. त्या जागेत काय होते आणि आता काय करणार, हे लिहून काढा

धोका दोन वाटांनी येतो: एक टाकीत आधीपासून असलेल्या पदार्थातून आणि दुसरा आपण आत नेलेल्या कामातून. परमिटवर ‘गॅसचा धोका: होय’ एवढे लिहून भागत नाही, कोणता वायू, कुठून येणार, हे लिहावे लागते, कारण पुढे कोणता सेन्सर लागेल हे त्यावरच ठरते.

मळीच्या टाकीच्या तळाशी उरलेला थर पाणी मिसळताच आंबू लागतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. फर्मेंटरमध्ये हाच वायू मोठ्या प्रमाणात असतो, सोबत अल्कोहोलची वाफ असते. स्पेंट वॉशचे (डिस्टिलरीत उरणाऱ्या सांडपाण्याचे) हौद, डायजेस्टर आणि सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्या यांत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात. सल्फिटेशन पद्धतीच्या (रस गंधकाच्या वायूने स्वच्छ करणाऱ्या) कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवरील थरात कॅल्शियम सल्फाइट असते. त्यावर आम्ल ओतले की सल्फर डायऑक्साइड सुटतो. त्यामुळे ‘बॉडी तर फक्त धुतली आहे’ हे वाक्य ऐकले की कशाने धुतली, हा प्रश्न लगेच विचारावा.

दुसऱ्या वाटेचे धोके अधिक विसरले जातात. गॅस कटिंगची नळी जेवणाच्या सुट्टीत आतच राहते आणि सैल व्हॉल्व्हमधून गळत राहते. आर्गॉनवर वेल्डिंग केल्यास तो वायू तळाशी साचून ऑक्सिजनला बाजूला सारतो. आतून रंग किंवा रबर लायनिंग करताना थिनरची वाफ भरते. म्हणजे सकाळी शुद्ध असलेली टाकी दुपारी आपणच बिघडवलेली असते.

३. माणसे ठरवा आणि भाषा ठरवा

चार जबाबदाऱ्या चार नावांवर लिहा: परवाना देणारा, वायू तपासणारा, आत जाणारा आणि बाहेर उभा राहणारा. शेवटच्याला कारखान्यात अटेंडंट म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत नवखा हेल्पर या कामाला लावतात. ही मोठी चूक आहे. आतल्या माणसाच्या जिवाची पहिली मदत त्याच्याच हातात असते, म्हणून तिथे अनुभवी, शांत डोक्याचा आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा दिलेला माणूस हवा. त्याने मॅनहोल सोडून हलायचे नाही, सामान आणायला जायचे नाही आणि कोणत्याही कारणाने आत उतरायचे नाही.

बाहेर बोलावण्याची आणि थांबवण्याची हाक आधी ठरवून घ्या आणि सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. ‘बाहेर या’, ‘होरग बर्री’, ‘बाहर आओ’ यांपैकी त्या टोळीला जी चटकन कळते ती एकच निवडावी, आणि हाक ऐकू न आल्यास दोरीला तीन ओढे म्हणजे ताबडतोब बाहेर, असे ठरवावे.

आत जाणाऱ्याची त्या दिवशीची प्रकृती विचारा. उपाशीपोटी, दारू घेतलेला, ताप असलेला किंवा फिट येण्याचा त्रास असलेला माणूस उतरवू नये. मे महिन्यात बॉयलरच्या भट्टीत किंवा इव्हॅपोरेटरच्या बॉडीत वायू ठीक असूनही उष्म्याने माणूस कोसळू शकतो. तिथे पाळी लहान ठेवा आणि पाणी, मीठ-साखर बाहेर तयार ठेवा.

४. टाकी बाकीच्या यंत्रणेपासून खरोखर तोडा

हवा तपासण्याआधी टाकी बाकीच्या यंत्रणेपासून वेगळी झाली पाहिजे. टाकी जोडलेली असताना घेतलेले वायूचे आकडे फक्त त्या क्षणापुरते खरे असतात; पलीकडचा पंप सुरू झाला की ते कागदावरच राहतात.

आधी टाकी रिकामी करा, धुवा, थंड होऊ द्या. मग प्रत्येक येणारी आणि जाणारी लाइन मोजा. लाइन ड्रॉइंगवरून मोजू नका, टाकीभोवती स्वतः फिरून मोजा, कारण जुन्या कारखान्यात ड्रॉइंगवर नसलेली एखादी लाइन निघतेच. केवळ व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे टाकी तोडणे नव्हे. मळीचे व्हॉल्व्ह जाड थरामुळे पूर्ण बसत नाहीत, वाफेचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे पास होत, म्हणजे बंद करूनही गळत असतात. म्हणून फ्लँज (लाइनचा बोल्टने जोडलेला सांधा) उघडून लाइनचा तुकडा काढावा किंवा मध्ये ब्लाइंड प्लेट (वाट बंद करणारी अखंड चकती) घालावी. तेही शक्य नसेल तिथे दोन व्हॉल्व्ह बंद करून त्यांच्यामधला ड्रेन उघडा ठेवावा.

फर्मेंटरच्या बाबतीत वायू बाहेर नेणारी वरची लाइन बहुधा सर्व टाक्यांना सामाईक असते. शेजारचा फर्मेंटर चालू असेल, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड याच वाटेने आपल्या टाकीत उतरतो. खालच्या सर्व लाइन नीट तोडून वरची विसरलेली मी स्वतः पाहिली आहे.

विजेच्या बाजूने अॅजिटेटर (ढवळणारे यंत्र), स्क्रू कन्व्हेयर, पंप यांचा पुरवठा एमसीसी रूममध्ये (मोटरींच्या वीजनियंत्रण खोलीत) बंद करून कुलूप आणि टॅग लावा. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप असावे आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात असावी; मुकादमाने सर्वांच्या वतीने एकच कुलूप लावणे चालणार नाही.

तपासणी: कुलूप लावल्यावर जागेवरचे स्टार्ट बटण दाबून पाहा. मोटर फिरली नाही, तरच पुढे जा. चुकीच्या फीडरला (दुसऱ्याच मोटरच्या वीजपुरवठ्याला) कुलूप लावण्याचा प्रकार याच एका कृतीने पकडला जातो.

५. हवा बदला

ब्लोअर लावण्याआधी बाहेरूनच एकदा वायू मोजून नोंद करा, म्हणजे आत मुळात काय आहे ते कळते. ब्लोअर चालवल्यावर पहिल्यांदा मोजले, तर ही माहिती कायमची हातची जाते.

मग ब्लोअरचा डक्ट तळापर्यंत न्या. मॅनहोलच्या तोंडाशी पंखा ठेवून हवा आत फुंकल्यास ती वरच्या वर फिरून बाहेर येते आणि तळाचा जड वायू जागचा हलत नाही. ताजी हवा तळाशी सोडावी आणि दुसरे मॅनहोल उघडे ठेवून आतली हवा तिथून बाहेर पडू द्यावी. ब्लोअरचे तोंड डिझेल जनरेटर, उभा ट्रॅक्टर किंवा दुसऱ्या हौदाचे उघडे मॅनहोल यांच्या जवळ नको.

ब्लोअर पुरेसा आहे का, हे मोजून ठरवा. १० मीटर व्यासाच्या आणि ५ मीटर उंचीच्या टाकीचे घनफळ सुमारे ३९३ घनमीटर होते. तासाला २० वेळा हवा बदलण्याचा सर्वसाधारण मापदंड धरला, तर तासाला सुमारे ७,८६० घनमीटर हवा लागते. ठेकेदार आणतो तो लहान ब्लोअर तासाला २,००० घनमीटर देत असेल, तर हवा जेमतेम पाच वेळाच बदलेल. अशा वेळी दोन-तीन ब्लोअर लावा किंवा अधिक वेळ थांबा. ज्वलनशील वाफ असेल तिथे ब्लोअर आणि त्याची मोटर फ्लेमप्रूफ असावी आणि डक्टला अर्थिंग असावे.

सावधान: हवा सुधारण्यासाठी टाकीत ऑक्सिजन सिलिंडर कधीही सोडू नका. ऑक्सिजनचे प्रमाण २३.५ टक्क्यांवर गेले की तेलकट कपडा एका ठिणगीने भडकतो आणि विझवता येत नाही.

६. वायू मोजा

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी यंत्र तपासा. कॅलिब्रेशनची तारीख पाहा आणि माहीत असलेल्या मिश्र वायूचा झोत देऊन सर्व सेन्सर प्रतिसाद देतात का, अलार्म वाजतो का, हे त्याच दिवशी पाहा. याला बंप टेस्ट म्हणतात. यंत्र सुरू करून शून्यावर आणायचे ते मोकळ्या स्वच्छ हवेत, मॅनहोलपासून दूर. मॅनहोलशेजारी शून्यावर आणलेले यंत्र दूषित हवेलाच स्वच्छ समजते.

मोजण्याचा क्रम ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू असा ठेवा. नेहमीच्या यंत्रातला ज्वलनशील वायूचा सेन्सर तो वायू आत जाळून मोजतो. ऑक्सिजन फार कमी असेल, तर हा सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो.

पंप आणि नळी वापरून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर मोजा. नळीतून हवा यंत्रापर्यंत यायला वेळ लागतो आणि सेन्सरलाही स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पातळीवर किमान दोन मिनिटे थांबा. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर सापडतो, हायड्रोजन सल्फाइड किंचित जड आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे दीडपट जड असल्याने ते तळाशी सापडतात.

उतरण्यासाठीचे आकडे असे असावेत. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. टाकीत तो १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या आत हवा, पण २०.९ पेक्षा स्पष्टपणे कमी दिसला, तर तो कशाने कमी झाला हे कळेपर्यंत थांबा. ज्वलनशील वायू एलईएलच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवा. एलईएल म्हणजे ज्या किमान प्रमाणाला वायू पेट घेतो ते प्रमाण. मिथेनचे ते हवेच्या ५ टक्के असते, म्हणजे १० टक्के एलईएल म्हणजे अर्धा टक्का मिथेन. हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतील एक भाग) कमी आणि कार्बन मोनॉक्साइड २५ पीपीएमपेक्षा कमी असावा.

आता मळीच्या टाकीत आणि फर्मेंटरमध्ये घात करणारी गोष्ट. बाजारात मिळणारे नेहमीचे चार वायूंचे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. ‘ऑक्सिजन ठीक आहे, म्हणजे दुसरा वायू नसणार’ हा समज चुकीचा आहे. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, तर ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १९.९ टक्क्यांवर येतो. यंत्र गप्प राहते, कारण अलार्म १९.५ ला आहे. पण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड हीच जिवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे आणि दिवसभराच्या कामासाठीची मर्यादा तर ५,००० पीपीएम आहे. म्हणून आंबवण्याशी संबंध असलेल्या प्रत्येक टाकीसाठी कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर असलेले यंत्रच वापरा. ते नसेल, तर ते येईपर्यंत काम थांबवा.

गाळाचेही असेच आहे. एका कारखान्यात सांडपाण्याच्या हौदाची सफाई होती. ठेकेदाराच्या माणसाने यंत्र पट्ट्याला अडकवलेले तसेच ठेवून मॅनहोलवर वाकून पाहिले, पडद्यावर २०.९ दिसले आणि त्याने अंगठा दाखवला. रबरी चप्पल घातलेल्या हेल्परचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर गेलाही होता. त्याला थांबवून आम्ही यंत्राची नळी बांबूला बांधून तळाशी सोडली. हायड्रोजन सल्फाइड ४ पीपीएम आला. मग त्याच बांबूने तळाचा गाळ ढवळला. काही सेकंदांत आकडा साठच्या पुढे गेला आणि यंत्र किंचाळू लागले. तो हेल्पर फावडे घेऊन नेमके तेच करणार होता. म्हणून जिथे गाळ आहे तिथे तो बाहेरून ढवळून मोजल्याशिवाय चाचणी पूर्ण झाली असे समजू नका.

वासावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो हे सर्वांना माहीत आहे, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. आधी येत असलेला वास अचानक थांबला, तर तो धोका वाढल्याचा इशारा असू शकतो. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही इथे वापरू नका. तो हायड्रोजन सल्फाइड ओळखत नाही आणि मिथेन असेल तर स्फोटाला कारण होतो.

शेवटची चाचणी घेताना ब्लोअर १०-१५ मिनिटे बंद ठेवा. ब्लोअर चालू असताना चांगले दिसणारे आकडे तो थांबल्यावर बिघडत असतील, तर आत कुठेतरी वायूचा उगम शिल्लक आहे. अशा वेळी चौथ्या टप्प्यावर परत जा.

७. बाहेर काढण्याची तयारी उतरण्याआधी करा

परवान्यावर सही होण्यापूर्वी ही तयारी मॅनहोलशी मांडलेली असावी. वरून उतरायचे असेल, तर ट्रायपॉड, विंच आणि पूर्ण शरीराचा हार्नेस हवा. दोरीचे एक टोक हार्नेसच्या पाठीकडील कडीला आणि दुसरे बाहेर असावे. केवळ कमरेचा पट्टा वापरू नये. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि अरुंद मॅनहोलमधून निघत नाही. बाजूच्या मॅनहोलमधून आत जायचे असेल, तर ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो. तिथे ओढण्याची दोरी आणि स्ट्रेचर कसे फिरतील हे आधी करून पाहा.

बचावासाठी स्वतःच्या हवेची बाटली असलेला श्वसनसंच ठेवा आणि तो घालता येणारी किमान दोन माणसे त्या शिफ्टमध्ये असू द्या. कापडी मास्क किंवा डबा लावलेला गॅस मास्क ऑक्सिजन तयार करत नाही; ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत तो घालून उतरणे म्हणजे काहीही न घालता उतरण्यासारखेच आहे.

तपासणी: सत्तर किलोच्या आसपास वजनाचे वाळूचे पोते हार्नेसला बांधून टाकीच्या तळातून वर काढा आणि घड्याळ लावा. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. पोते त्याहून उशिरा बाहेर येत असेल, तर तुमची बचावयोजना अजून तयार नाही.

दवाखानाही आधी ठरवा. अथणीच्या बाजूच्या कारखान्याला बेळगावपेक्षा मिरज कितीतरी जवळ आहे आणि निपाणीच्या कारखान्याला कोल्हापूर जवळ आहे. १०८ ची गाडी सीमेच्या पलीकडे नेईल का, हा वाद रुग्ण गाडीत असताना नको. कुठे न्यायचे, कारखान्याची कोणती गाडी आणि कोण चालक, ते परवान्याच्या मागे लिहा.

८. परवाना टाकीच्या तोंडाशी लिहा

कार्यालयात बसून सकाळी दहा परवान्यांवर एकदम केलेल्या सह्यांचा काहीही उपयोग नाही. परवाना देणाऱ्याने मॅनहोलपाशी उभे राहून ब्लाइंड, कुलपे, ब्लोअर आणि ट्रायपॉड स्वतः पाहावेत आणि वायूचे आकडे वेळेसह स्वतःच्या हाताने लिहावेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने हेच सांगितले होते: सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारित लेखी प्रमाणपत्र असावे, नाहीतर आत जाणाऱ्याने योग्य श्वसनसंच आणि बाहेरच्या माणसाने धरलेल्या दोरीला बांधलेला पट्टा घातलेला असावा. त्यातला ‘स्वतः’ हा शब्द जिवावरचा आहे. दुसऱ्याने फोनवर सांगितलेला आकडा लिहू नका.

आतल्या दिव्याला आणि विजेच्या अवजाराला २४ व्होल्टची मर्यादा याच कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये होती. त्याहून अधिक व्होल्टेज लागत असेल, तर योग्य सुरक्षा साधने हवीत. ओल्या टाकीत २३० व्होल्टचा हॅलोजन लोंबकळत असेल, तर काम सुरू होऊ देऊ नका.

परवाना एका शिफ्टपुरताच ठेवा. जेवणाची सुट्टी झाली, पाऊस आला, ब्लोअर बंद पडला किंवा कामाचा प्रकार बदलला, की तो संपला असे समजून पुन्हा मोजा. आत वेल्डिंग किंवा कटिंग करायचे असेल, तर हॉट वर्कचा वेगळा परवाना घ्या.

९. उतरणे आणि काम

आत जाणाऱ्याच्या छातीवर वायूचे यंत्र असावे, कमरेला नको; श्वास जिथून घेतो तिथली हवा मोजली गेली पाहिजे. ब्लोअर सतत चालू ठेवा. नावे आणि उतरल्याची वेळ मॅनहोलजवळच्या फलकावर लिहा. गॅस कटिंगचे सिलिंडर बाहेरच ठेवा आणि प्रत्येक सुट्टीत टॉर्च व नळी पूर्ण बाहेर काढा.

अलार्म वाजला, की आकडा काय आहे हे पाहत बसू नये, लगेच बाहेर यावे. ‘सेन्सर नेहमीच असा वाजतो’ हे वाक्य ज्या टोळीत ऐकू येते, त्या टोळीचे काम त्या दिवशी थांबवावे.

१०. माणूस कोसळला तर

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नियॉशने, १९८६ मध्ये आपल्या पाहणीच्या आधारे सांगितले होते, की बंदिस्त जागेतील मृतांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली होती. आपल्याकडेही असेच घडते, कारण आत पडलेला बहुतेक वेळा भाऊ, चुलत भाऊ किंवा एकाच गावचा असतो आणि बाहेरचा माणूस त्याला पाहून थांबू शकत नाही. त्याची ही माया खरी असते, म्हणून थांबण्याची शिकवण त्याला आधी, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

क्रम असा ठेवा. ओरडून मदत मागा. विंचने ओढायला लागा. ब्लोअर बंद पडला असेल, तर सुरू करा. नियंत्रण कक्षाला कळवून १०८ बोलवा. विंचने माणूस येत नसेल, तर फक्त श्वसनसंच घातलेल्या आणि दोरीला बांधलेल्या माणसानेच उतरावे, आणि त्याच्यासाठी दुसरा तसाच तयार माणूस बाहेर असावा.

बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत न्या. श्वास बंद असेल, तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करा. हायड्रोजन सल्फाइडचा संशय असेल, तर तोंडाने श्वास देऊ नका, त्याने मदत करणाऱ्याला बाधा होऊ शकते. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) वापरा. दवाखान्यात पोचताच वायूचे नाव सांगा आणि परवान्याची प्रत सोबत द्या.

११. टाकी परत देणे

काम संपल्यावर फलकावरची नावे वाचत माणसे मोजा, मग अवजारे मोजा. प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढावे; सुट्टीवर गेलेल्याचे कुलूप करवतीने कापायची वेळ आली, तर तो माणूस घरी असल्याची फोनवर त्याच्याच आवाजात खात्री केल्याशिवाय कापू नये. ब्लाइंड किती घातले होते तेवढे मोजून काढा, कारण विसरलेला एक ब्लाइंड हंगामाच्या पहिल्याच दिवशी पंपाला दाब देऊन फ्लँज उडवू शकतो. शेवटी मॅनहोल बंद करून, परवान्यावर वेळ लिहून तो टाकीच्या क्रमांकाच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या वर्षी याच टाकीत उतरणाऱ्याला ढवळण्याआधी आणि ढवळल्यानंतर किती आकडे आले होते, हे त्यातूनच कळणार आहे.